अब्बांची लाल ट्यूब

लातूरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकही भेग उघडी नव्हती. भिंतीला, खिडकीच्या चौकटीला, मोरीच्या कडेला, पत्र्याच्या खिळ्यांभोवती, एवढंच काय, अम्मीच्या पिठाच्या डब्याच्या झाकणालाही अब्बांनी लाल लुकण लावून ठेवलं होतं. हे लुकण एका ट्यूबमधून निघायचं. इंजिनाचे जोड बसवताना मेकॅनिक लोक ते वापरतात. टूथपेस्टसारखं पिळायचं, बोटानं पसरायचं, दुसऱ्या दिवशी ते रबरासारखं घट्ट होतं. दुसऱ्यांच्या गॅरेजात अशी एक ट्यूब कुठंतरी कोपऱ्यात पडलेली असते. अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात ती पेनासारखी कायम खोचलेली असायची. कुणाच्या घरी दावतीला गेलो तरी ते आधी भिंतीकडं बघायचे. “तुझ्या अब्बांना भेग दाखवू नको, पोरी,” अम्मी मला बजावायची, “हात शिवशिवतात त्यांचे, आणि जेवण गार होतं.”

घरामागं डाळीची मिल होती. ती सुरू झाली की जमिनीतून बारीक घरघर यायची आणि मांडणीवरची जर्मनची भांडी हळूहळू कडेला सरकायची. अम्मी एका हातानं भाकरी थापायची, दुसऱ्या हातानं भांडी मागं ढकलायची, आणि तिचं बोलणं मध्ये तुटायचं नाही. पाहुणे दचकायचे. मला तर मिल बंद असली की घर सुनं वाटायचं. अब्बांचं उलटं होतं. मिल चालू असेपर्यंत ते आडवे व्हायचे, पण डोळा लागायचा नाही. मिल बंद झाली की मग पाच-दहा मिनिटांत घोरणं सुरू. आम्ही घरात दखनी बोलायचो. ते सगळं इथं मराठीत लिहिते आहे, कारण आता मी विचारही बराचसा मराठीतच करते. अब्बांचं मराठी लातूरच्या रस्त्यावरचं होतं आणि तेही दखनीच्या चालीवर चालायचं.

या लुकणामागची गोष्ट मला अम्मीनं सांगितली. अब्बांनी स्वतःहून कधी काढली नाही. निलंग्याच्या पलीकडच्या एका गावात अब्बांची धाकटी बहीण राहायची, जैबून फुफी. भूकंपाच्या आधी कितीतरी महिने तिकडं जमीन गुरगुरायची, आणि लोकांनी त्याची सवय करून घेतली होती. ईदला अब्बा गेले तेव्हा फुफीनं त्यांना निजायच्या खोलीची भिंत दाखवली. दगडमातीची रुंद भिंत, आणि तिला वरपासून खालपर्यंत भेग. “भाईजान, एवढं भरून द्या,” ती म्हणाली. अब्बा म्हणाले, “आता शेवया खाऊ दे. पुढल्या फेरीला येतो तेव्हा भरतो.” पुढली फेरी झाली ती ढिगारा उपसायला. लोक त्यांना सांगायचे, अरे, गावच्या गाव गेलं, तुझ्या एका भेगेनं काय होणार होतं. अब्बा मान हलवायचे. पण त्या गावात ते पुन्हा गेले नाहीत, आणि ट्यूब खिशात आली ती तेव्हापासून.

मी बारावीत गेले तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. निलंगा, उदगीर, अहमदपूर, कंधार, जिकडून एसटी येते तिकडून पोरं यायची, पाठीला दप्तर आणि हातात गादीची वळकटी. घरमालकांनी जिन्याखाली कॉट टाकून ती जागासुद्धा भाड्यानं दिली होती. तोवर अब्बा नांदेडला भावाबरोबर गॅरेज चालवायचे आणि सुट्टीला घरी यायचे. हे पाहून त्यांनी ते गॅरेज सोडलं, जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आणि पोरींना खोल्यांपासून क्लासपर्यंत ने-आण करायला लागले. पहाटेच्या बॅचच्या पोरी अर्धवट झोपेत असायच्या. कुणी तोंडातल्या तोंडात सूत्रं पुटपुटायची, कुणी खिडकीला डोकं टेकवून सरळ झोपायची. अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींच्या हातात शेंगदाण्याची चटणी लावलेली अर्धी भाकरी ठेवायची. “उपाशी पोटी काय डोंबल कळणार,” असं तिचं म्हणणं. त्यांच्याबरोबर मीही जायचे. पुढच्या सीटवर, अब्बांच्या शेजारी. माझा क्लास, आमची चूल आणि अब्बांचं लातुरात राहणं, सगळं त्या व्हॅनवर होतं.

त्या वर्षी पोरी नेणाऱ्या गाड्यांच्या पासिंगला नवा साहेब आला. आधी कसं, पंपाशेजारच्या टपरीतून धुराचं सर्टिफिकेट आणायचं, की झालं. हा साहेब म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत नळी लावा. आरटीओच्या मैदानात व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली, मशीननं घरघर केली आणि फेल दाखवलं. अब्बांना ते अपमानासारखं लागलं, कारण त्यांच्या गाडीला धूर दिसत नव्हता. मशीनवरचा माणूस मात्र भला होता. “चाचा, धूर दिसत न्हाई हे खरं,” तो म्हणाला, “पण गाडी लई पेट्रोल पिऊन राहिली. ते अर्धवट जळून बाहेर येतंय. सेन्सर बघा.” साहेबानं पुढच्या पासिंगपर्यंत मुदत दिली. तोवर गाडी पास झाली नाही तर पोरी बसवायच्या नाहीत.

ही कॉम्प्युटरवाली गाडी होती. तिच्या सायलेन्सरच्या पाइपात बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. इंजिनातून जळून येणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला, हे तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणं पेट्रोल कमी-जास्त सोडतो. अब्बा त्याला गाडीचं नाक म्हणायचे. नाक नीट आहे का हे बघायला त्यांच्याकडं काट्याचं जुनं मीटर होतं. सेन्सर जिवंत असला की काटा सारखा इकडून तिकडं झुलतो, मेला की एका जागी बसून राहतो. आता गॅरेजात स्कॅनर लावतात आणि तो दोषाचा नंबरच दाखवतो. माझ्या गाडीला लावतात तेव्हा मी बघत उभी राहते, आणि का कोण जाणे, मला त्या झुलणाऱ्या काट्याची आठवण येते. अब्बांनी वायर जोडली, मीटर माझ्या हातात दिलं आणि गाडी रेस केली. काटा तळाला चिकटून बसला होता. “मेला,” मी ओरडून सांगितलं.

सेन्सर लातुरात मिळत नव्हता. नांदेडला अब्बांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे बडे अब्बांचं गॅरेज होतं. त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पुडकं पाठवलं. अब्बांनी जुना सेन्सर काढला, तेव्हा पाइपाच्या वरच्या जोडाला त्यांना एक फट दिसली. केसाएवढी. त्या फटीसमोर हात धरला की वाफ लागायची. बाहेरची हवा तिथून आत जाते आणि नाकाला फसवते, हे त्यांना लगेच उमगलं. “सापडली,” ते म्हणाले, आणि ट्यूब बाहेर आली. जोडावर त्यांनी हात सैल सोडून लुकण भरलं, आणि नव्या सेन्सरच्या आट्यांनाही लावलं, म्हणजे तिथूनही काही शिरायला नको. गाडी सुरू केली तर काटा असा झुलायला लागला की अम्मी पीठ भरल्या हातानं बघायला आली. त्या दिवशी तिनं तहरीचा मसालेदार भात केला, कारण नसताना.

आठवडा गेला नसेल, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला. मीटर लावलं. काटा थोडा हलायचा, दमायचा, थांबायचा. टपरीवर नळी घालून पाहिली, फेल. अब्बा म्हणाले, माल खराब निघाला. दुसरा सेन्सर मागवला. तो बसवताना त्यांनी सगळे जोड पुन्हा तपासले, आणि मनात शंका नको म्हणून लुकणाचा आणखी एक थर दिला. पुन्हा तेच झालं. चार दिवस काटा झुलला, मग सुस्तावला, मग बसला.

त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून अब्बा भावाशी बोलले. मी काचेबाहेर उभी होते आणि बडे अब्बांचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. तिसरा सेन्सर पाठवतो, पण आता पुरे कर, असं ते म्हणत होते. व्हॅन विकून टाक, नांदेडला ये, गॅरेजात तुझी जागा अजून आहे. पोरीनं शिकलं तेवढं बास झालं, तिच्यासाठी एक चांगलं घर बघून ठेवलंय. अब्बा “हाव, हाव” करत राहिले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “पासिंग झालं न्हाई तर जावं लागंल, बेटा.” मला नांदेडचा राग नव्हता. आज मी तिथंच राहते, तिथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. पण त्या दिवशी मला समोर फक्त बंद होणारं पुस्तक दिसत होतं.

मूळचा आणि नंतरचे दोन नवे, असे काढलेले तिन्ही सेन्सर अम्मीनं एका वाटीत घालून खिडकीत ठेवले होते; नवा येईपर्यंत त्या भोकात अब्बांनी नुसता बोल्ट बसवला होता. कुठलीही वस्तू फेकायची तिला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीपाशी अभ्यासाला बसले आणि अभ्यास होईना, म्हणून वाटीतले सेन्सर उलटेपालटे करत राहिले. गाडीतला मूळचा सेन्सर टोकाला मातकट तपकिरी होता. नंतरचे दोन्ही नवे मात्र पांढरे पडले होते, पानावर चुना फिरवावा तसे. मला आश्चर्य वाटलं. पेट्रोल जास्त जळलं तर काजळी धरते, आणि काजळी काळी असते. हे पांढरं आलं कुठून? मी एक सेन्सर नाकाशी नेला. वास काही नव्हता. पण खिडकीच्या चौकटीत अब्बांनी आदल्याच दिवशी नवं लुकण भरलं होतं, त्याचा आंबूस, लोणच्याच्या खारासारखा वास माझ्या नाकात बसला होता. गेले काही दिवस व्हॅन तापली की पुढच्या सीटवर हाच वास येत होता. पोरी म्हणायच्या, कुणाच्या डब्यातलं लोणचं सांडलं.

मी उठले, चौकटीवरचं लुकण नखानं थोडं खरवडलं, चमच्यात घेतलं आणि चमचा गॅसवर धरला. ते आधी धुरकटलं, मग पेटलं, आणि विझलं तेव्हा चमच्यात पांढरी भुकटी उरली. बोटाला लावली तर सेन्सरच्या टोकावरचीच. “काय करून राहिली? माझा खिरीचा चमचा,” अम्मी मागून म्हणाली. मी तिला चमचा दाखवला, सेन्सर दाखवले. ती शाळेत फार गेली नव्हती, पण तिला दोन वेळा सांगावं लागलं नाही. तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली. “म्हणजे तुझे अब्बाच गाडीचं नाक बंद करून राहिलेत,” ती म्हणाली. “त्यांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना फुफीचं बोलल्यासारखं वाटंल.” मलाही तेच वाटत होतं. गाडीचा दोष सापडला याचा आनंद मला झालाच नाही. मला अब्बांची भीती नव्हती, पण त्यांच्या हातातून ती ट्यूब काढून घेणं मला फार अवघड वाटत होतं.

अब्बा दुपारची बॅच सोडून आले, पाणी प्यायले. मी चमचा आणि वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि जे दिसलं ते क्रमानं सांगितलं. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. “माल खराब होता,” ते म्हणाले.

“एक खराब असेल, अब्बा. दुसराही तसाच मेला. दोन्ही नवे, दोन्ही मेले. म्हणजे दोष सेन्सरचा नाही.”

“मग भरू नको तर काय करू? फट उघडी ठेवू?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. अम्मी परातीत पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

“फट बुजवायची. पण जोडाच्या आतलं पॅकिंग बदलू. पत्र्याचं, नवं. हे जळून नाकात जातंय.”

त्यांनी चमच्यातली भुकटी चिमटीत घेतली, सेन्सरच्या टोकाशी नेली, दोन्हीकडं आळीपाळीनं पाहिलं. ते पुस्तकावर विश्वास ठेवणारे नव्हते, पण डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीशी कधी भांडले नाहीत. “चल,” ते म्हणाले, “पाना घे.”

आम्ही दोघांनी मिळून सगळं लुकण खरवडून काढलं. जोडावरचं, आट्यांमधलं, इंजिनाच्या झाकणाच्या कडेचं. लाल चिंध्यांचा ढीग पडला. जुनं पॅकिंग एका कडेनं जळून फाटलं होतं. खरा दोष एवढाच होता आणि तो पहिल्या दिवसापासून तिथं होता. मूळचा सेन्सर कधी मेलाच नव्हता. बाहेरची हवा हुंगून तो प्राणवायू जास्त असल्याचं सांगत होता, आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओतत होता. अब्बांनी पत्र्याचं नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट आवळले, आणि मूळचाच सेन्सर हातात घेतला. तो बसवण्याआधी त्यांचा डावा हात खिशाकडं गेला. मी पाहिलं. हात तिथं क्षणभर थांबला, मग खाली आला. त्यांनी कोरड्या आट्यांवर सेन्सर फिरवला आणि पान्यानं आवळला. गाडी रेस केली. काटा झुलायला लागला, आणि दुसऱ्या आठवड्यातही झुलत राहिला.

पासिंगला त्यांनी मला बरोबर नेलं. सकाळचा क्लास बुडाला, पण अम्मीच म्हणाली, जा. नळी लावली, मशीन घरघरलं, मशीनवरच्या माणसानं कागद फाडून अब्बांच्या हातात दिला आणि म्हणाला, “चाचा, झाली.” साहेबानं मान वर न करता सही केली. मी तिथंच हसायला लागले. अब्बा हसले नाहीत. व्हॅन मैदानाबाहेर काढल्यावर त्यांनी ती घराकडं न वळवता निलंग्याच्या रस्त्याला घातली. “जरा जाऊन येऊ,” एवढंच म्हणाले. कुठं, ते मला विचारावं लागलं नाही.

गावातले लोक कधीच नव्या जागेवर, एकसारख्या घरांत राहायला गेले होते. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या होत्या आणि दगड अजून तसेच पडून होते. शेळ्या राखणारी एक बाई लांबून बघत होती. अब्बा पुढं चालत होते, मी मागं. त्यांना प्रत्येक घर कुठं होतं ते पाठ होतं. “हे पाटलाचं,” ते म्हणाले. “भूकंपाच्याच साली बांधलेलं. भेग नव्हती.” थोडं पुढं जाऊन, “हे तेल्याचं. भिंतीला एक चीर न्हाई, मी तिथं बसून चहा प्यालो होतो.” मग आणखी एक घर, मुल्लांचं, मग सुताराचं. प्रत्येक ठिकाणी ते थांबायचे, आठवायचे, आणि तेच सांगायचे, याला भेग नव्हती. मला आधी कळलंच नाही की ते काय करून राहिलेत. मग कळलं, आणि मी त्यांच्या अगदी मागोमाग चालायला लागले.

फुफीच्या घराच्या जागी उंबऱ्याचा दगड तेवढा जागेवर होता. अब्बा त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी मागं वळून सगळ्या जागांवरून नजर फिरवली, मीटरचा काटा बघावा तशी, सावकाश.

“ज्यांच्या भिंतीला भेग नव्हती, त्यांचीबी गेली,” ते म्हणाले. “म्हणजे दोष भेगेचा न्हवता.”

“नव्हता, अब्बा.”

ते उंबऱ्यावर बसले आणि रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं की तसं काही पाहिलं तर मी घाबरेन, पण मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी हात उचलून बहिणीसाठी दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवला आणि उठले. पोरी वाट बघतील, असं म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा उन्हं अजून वर होती. अम्मीनं खट्टी दाल आणि भाकरी वाढली. आम्ही कुठं गेलो होतो ते तिनं विचारलं नाही, अब्बांच्या चपलांना लागलेली माती मात्र बघितली. जेवण झाल्यावर संध्याकाळच्या बॅचला अवकाश होता म्हणून अब्बा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मागं डाळीची मिल चालू होती, जमीन घरघरत होती, आणि थोड्या वेळानं तिच्या आवाजातून त्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. मग ती उठली आणि मांडणीवरची कडेला आलेली भांडी आवाज न करता एकेक करून मागं सरकवायला लागली.